घरी कोणी नाही

सकाळी समोरच्या सुलभाकाकूंकडे एक माणूस आला होता, स्वयंपाकघराच्या भिंतीतली ओल बघायला सोसायटीने पाठवलेला. "घरात कोणी आहे का?" त्याने विचारलं. कणकेने भरलेले हात तसेच धरून काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाही हो, घरी कोणी नाहीये. संध्याकाळी या."

तो "बरं" म्हणून जिना उतरला.

दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. पण तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली, आणि कोणीच नसलेल्या त्या घरात गॅस बारीक करायला कोणीतरी धावलं.

जगात किती दारांत, किती भाषांत बायका असं सांगत असतील! शेतात राबायचं, पोरं वाढवायची, म्हाताऱ्यांची दुखणी काढायची, आणि कोणी विचारलं की स्वतःला सोडून माणसं मोजायची. हक्क, समानता हे मोठे शब्द उंबऱ्यापर्यंत येतातही. घरी कोणी नाही असं ऐकून बिचारे परत जातात.

दुपारी वाटीभर खीर घेऊन मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. "काकू, कोणी आहे का घरात?" मी मुद्दामच विचारलं.

"ये गं, मीच आहे," आतून आवाज आला.

मी आहे, विशेष कोणी नाही, असं सांगणारा तो 'च' होता. चपला काढता काढता मी मात्र तो दुसऱ्या अर्थाने ऐकला. या घरात जी आहे, ती मीच.