शेहेचाळीस टक्के

आमच्या सोसायटीच्या फायलीत माझी चार पत्रे आहेत आणि ती चारही माझ्या वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीविरुद्ध आहेत. दिवाणी न्यायालयात उभी हयात कारकुनी केल्यामुळे कोणतीही गोष्ट तोंडी सांगणे मला अपुरे वाटते. शेजारी गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवतात. वडिलांपासूनचा व्यवसाय, हमरस्त्यावर स्वतःचे दुकान. त्यांनी नवी गाडी घेतली आणि पार्किंगमध्ये, स्वतःच्याच मीटरवरून, चार्जिंगची पेटी बसवली. सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हता आणि अग्निसुरक्षेचा दाखलाही नव्हता. माझी हरकत नियमाला धरून होती. ती तशी होती, असे मी आजही म्हणेन. चौथ्या पत्रानंतर त्यांनी पेटी निमूटपणे काढली, गाडी फाटकाबाहेर लावू लागले आणि चार्जिंग दुकानात करू लागले. हा पत्रव्यवहार चालू असतानाच त्यांच्याकडून ईदचा शिरखुर्मा आला आणि मी तो खाल्ला. त्याची पोच फायलीत नाही.

पंचगंगेचे पाणी वाढू लागले, तेव्हा त्यांनी गाडी गुपचूप आत पार्किंगमध्ये आणली. आमची इमारत उंचावर आहे, पण गल्लीचे तोंड सखल आहे. मी गॅलरीतून पाहिले आणि सवयीने वेळ टिपून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या भागाची वीज बंद करण्यात आली. माझ्या पत्नीची फुप्फुसे दोन वर्षांपासून कामातून जात आहेत. हवेतून प्राणवायू गोळा करून नळीने नाकात सोडणारे एक यंत्र तिच्या पलंगाशी अहोरात्र चालते. वीज गेली की इन्व्हर्टर चार तास पुरतो. त्यानंतर एक छोटे सिलिंडर, ते दोन तास. मी तातडीने वीज कार्यालयास फोन लावला.

"पाणी उतरल्याशिवाय लाइन सोडता यायची न्हाय, काका. ट्रान्सफॉर्मर पाण्यात हाय."

"कोणाच्या आदेशान्वये बंद केली?"

"पाण्याच्याच आदेशानं की."

मी फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. तक्रारीचा दुसरा परिच्छेद चालू असताना इन्व्हर्टर ओरडू लागला. अकरा वाजत आले होते. गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढे पाणी होते आणि रुग्णालय त्या पाण्याच्या पलीकडे होते.

तो आवाज वरपर्यंत गेला असावा. शेजारी दारात आले. त्यांच्या खांद्यावर जाड काळ्या वायरचे वेटोळे होते.

"काका, गाडीतनं करंट बाहेर काढता येतो. घेताना शोरूममध्ये तिच्यावर चहा करून दाखवला होता त्यांनी. काकूंचं मशीन आरामात चालतंय."

यानंतर मी जे केले, ते सांगताना आजही मान खाली जाते. यंत्र जळाल्यास जबाबदारी कोणाची, गाडी बिघडल्यास नुकसान कोणी सोसायचे, याविषयी चार ओळींचे संमतिपत्र करावे, असे मी त्यांना म्हणालो. नुसता म्हणालो नाही, लिहायला बसलो. इन्व्हर्टर ओरडत होता आणि मी "उभयपक्षी" या शब्दापुढे अडलो होतो.

"मजकूर काय बी लिवा, सही करतो," शेजारी म्हणाले. "वायर तेवढी वर ओढून घ्या आधी."

पत्नीने नळी सावरली आणि पलंगावरूनच म्हणाली, "अहो, मी गेल्यावर अंगठा घेणार हायसा काय माझा? उठा!"

मी उठलो. शेजाऱ्यांनी खाली जाऊन वायर गाडीला जोडली. मी गॅलरीतून तिचे टोक वर घेतले आणि यंत्राची पिन त्यात बसवली. यंत्र एकदा अडखळले आणि नेहमीसारखे घुमू लागले. मग मी खाली जाऊन गाडीचा पडदा पाहिला. त्यावर शेहेचाळीस टक्के दिसत होते.

"एवढेच?" मी विचारले.

शेजाऱ्यांनी वायरचा पीळ सोडवायला घेतला. त्यांच्या पत्नी जिन्यात उभ्या होत्या. त्यांना आम्ही सारे भाभी म्हणतो. त्या म्हणाल्या, "दुकान पाण्यामुळं तीन दिवस बंद न्हवं का, काका. आणि इथं चार्जिंग तर..." पुढचे त्यांनी गिळले. ते वाक्य मला पूर्ण करता येत होते. पार्किंगमधली पेटी जागेवर असती, तर गाडी पूर्ण भरलेली असती. न्यायालयात याला प्रत्यक्ष कारण म्हणतात, आणि ते माझ्या अक्षरात होते.

यंत्र तासाला सुमारे एक टक्का खात होते. पाणी उतरले तर त्याच गाडीतून पत्नीला रुग्णालयात न्यायचे, म्हणून शेवटचे वीस टक्के राखायचे, असे आम्ही ठरवले. म्हणजे हाती सव्वीस तास होते. दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे एक शिक्षक आले.

"काका, फ्रिज तेवढा एक तास लावू द्या की. किलोभर मटण हाय आत."

"नाही."

"आवो, पण गाडी त्यांची, न्हाय म्हणणार तुम्ही?"

"शिजवून टाका आजच," वरून भाभी म्हणाल्या, "आणि आम्हालाबी पाठवा!"

शिक्षक हसत परत गेले. संध्याकाळी खरोखरच वाटीभर तांबडा रस्सा भाभींकडे गेला आणि अर्धी वाटी आमच्याकडे आली. त्या दिवसात भाभींनी स्वतःच्या घरचा एक दिवाही गाडीवर लावला नाही. मसाला त्या पाट्यावर वाटत होत्या. तो आवाज माझ्या छतातून ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आकडा वीसवर आला. गल्लीच्या तोंडाशी पाणी अजून मांडीएवढे होते. ठरल्याप्रमाणे आता वायर काढून सिलिंडर लावायचे होते. मी सिलिंडरची चावी घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ठरले ते ठरले. राखीव म्हणजे राखीव."

"गाडी जाणारच न्हाय, तर राखून काय लोणचं घालायचं?" पत्नी म्हणाली. तिला एका दमात एवढे बोलता येत नाही. तीन ठिकाणी थांबून तिने ते पूर्ण केले. "सिलिंडर वाटेसाठी ऱ्हाऊ दे. हितं गाडी जळू दे."

तिचा युक्तिवाद बिनतोड होता. सिलिंडर वाटेत लागणारच होते आणि वाट अद्याप उघडलेली नव्हती. तरीही हा निर्णय माझा नव्हता. मी शेजाऱ्यांकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच, काही मागताना माझ्या हातात कागद नव्हता.

"दहावर आणतो मर्यादा," ते म्हणाले आणि खाली गेले.

दुपारी पावणेपाचला पंख्याची पाती हलली. गाडीत सोळा टक्के उरले होते. यंत्राची पिन वायरमधून काढून भिंतीत घालायची, एवढेच काम होते; पण माझा हात पिनेवर जाऊन तसाच राहिला. मधले काही क्षण यंत्र बंद पडणार होते.

"घाई नको, काका," शेजारी म्हणाले. "परत गेली तर?"

आम्ही थांबलो. भाभींनी चहा आणला. चौघेही ट्यूबलाइटकडे पाहत बसलो. ती एकदा मिणमिणली तेव्हा कोणी घोट घेतला नाही. तासाभराने गाडीचा आकडा पंधरा झाला.

"बघत काय बसलाय?" पत्नी म्हणाली. "काढा की."

मी पिन ओढली. यंत्राने लांब शिट्टी दिली आणि ते गप्प झाले. त्या शांततेत तिचा स्वतःचा श्वास ऐकू आला. आखूड आणि खरखरीत. मी चार मोजले. पाचव्याला पिन भिंतीत बसली आणि यंत्र पुन्हा घुमू लागले. तिने डोळे मिटून घेतले.

शेजारी वायर गुंडाळायला पार्किंगमध्ये उतरले. मी गॅलरीतून टोक सोडू लागलो.

"हळू, काका," ते खालून ओरडले. "काचेवर आपटंल."

मी हळू सोडले.