पत्रातला दुसरा परिच्छेद

सत्तावीस वर्षं मी या प्रयोगशाळेत बाटल्या धुतेय. बाटल्या माझ्या हाताखालून जातात तशी माणसंही जातात, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला विचारा. मुंगीइतकी चिवट पोरगी मी पाहिली नाही, आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की इतकी मुखदुर्बळही पाहिली नाही.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे हो. अंगानं एवढीशी, आणि कधीही बघा, हातात कसलंतरी ओझं घेऊन भिंतीकडेनं लगबगीनं चाललेली, म्हणून सगळा विभाग तिला मुंगी म्हणतो. रोपांची मुळं कुजवणारी एक बुरशी असते, तिला आवर कसा घालायचा ते ती शोधते. घरी नवरा आणि चार वर्षांची लेक. इथली नोकरी हंगामी, आणि यंदा वरून निरोप आला होता की मुदत आता वाढणार नाही.

त्यात ते तरुण संशोधकांचं पारितोषिक जाहीर झालं. मिळालं तर तीन वर्षांची जागा आणि काम करायला स्वतःची खोली. डॉक्टरेट झाल्यापासून सात वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि मुंगीचं हे सातवंच वर्ष. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. शुक्रवारी पाचला अर्ज बंद होणार होते.

बाकी सगळं तिनं वेळेत केलं, घोडं अडलं ते शिफारसपत्रापाशी. ते द्यायचं मोठ्या सरांनी. सर विभागाचे प्रमुख आणि तिचे मार्गदर्शक, माणूस सज्जन. पण आमच्याकडची जुनी रीतच अशी, की शिफारसपत्र ज्याचं त्यानं लिहून न्यायचं आणि सरांनी खाली सही ठोकायची. सर वाचतसुद्धा नाहीत. लोक संधी साधून स्वतःवर अशी फुलं उधळून घेतात, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. आमची मुंगी कसली उधळतेय!

शुक्रवारी दुपारी मी बेसिनपाशी होते. ती कागद घेऊन आली. "मावशी, ऐका जरा, बरं वाटतंय का सांगा." आणि वाचायला लागली, 'उमेदवार नियमित, नम्र आणि वक्तशीर आहे.'

"अगं, ही संशोधकाची शिफारस आहे की धुण्याभांड्याच्या बाईची?" मी म्हटलं.

ती हसली आणि दुसऱ्या परिच्छेदावर गेली. 'पहिली तीन वर्षं अनुभव कमी असल्यामुळे उमेदवाराला अपेक्षित निष्कर्ष मिळवता आले नाहीत.'

माझ्या हातातला ब्रशच गळून पडला. तळपायाची आग मस्तकात गेली बघा. कारण त्या तीन वर्षांत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बुरशीचा मूळ नमुना सरांनीच तिला दिला होता, त्यांच्या स्वतःच्या तरुणपणातला, जपून ठेवलेला. त्याच्यावरच सरांचं नाव झालं. मुंगीचे प्रयोग सरांच्या लेखाशी काही केल्या जुळेनात, आणि ही स्वतःलाच दोष देत पुन्हा पुन्हा करत राहिली. शेवटी एक दिवस सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणाली, "मावशी, ही ती बुरशीच नाही." बाटलीवर लेबल एकीचं, आत दुसरीच. सरांना तिनं सांगितलं. सर म्हणाले, "बघू." ते बघणं आजतागायत चाललंय.

"चूक त्यांची आणि खापर तुझ्या डोक्यावर? निवडणारे हे वाचतील आणि अर्ज बाजूला ठेवतील," मी म्हटलं.

"मावशी, पत्र त्यांचं आहे. त्यांच्या पत्रात त्यांचीच चूक मी कशी लिहू?"

सहीचे कागद आत नेणं माझं काम. मी नेले. सरांनी पेनचं टोपण काढलं, शेवटचं पान उघडलं. मी त्या पानावर हात ठेवला. सत्तावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"सर, आधी दुसरा परिच्छेद वाचा."

त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"ती बाटली मीच धुतलीय सर. पोरीनं तुमच्यासाठी बाहेर कुणाकडे ब्र काढला नाही. आता तरी तिच्या पोटावर पाय देऊ नका."

"ठेवून जा," सर म्हणाले. बस्स, एवढंच.

बाहेर आले. मुंगीला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. "मावशी, काय केलंत तुम्ही! साधी सही तरी मिळत होती." तीन वाजले, साडेतीन झाले, सरांचं दार बंद. मी मनातल्या मनात स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या. तेलही गेलं तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असंच वाटलं.

सव्वाचारला सर स्वतः प्रयोगशाळेत आले. हातात दोन पानं, त्यांच्याच अक्षरात, खाडाखोड केलेली. "हे टाइप करून सहीला आण. पण आधी इथंच मोठ्यानं वाच," ते मुंगीला म्हणाले.

ती वाचू लागली. 'या संशोधिकेची पहिली तीन वर्षं मी दिलेल्या चुकीच्या नमुन्यामुळे वाया गेली. त्याच नमुन्यावरचे माझे प्रसिद्ध झालेले निष्कर्षही चुकीचे आहेत. हे तिनं एकटीनं शोधून काढलं. माझ्या विभागात झालेलं हे सर्वांत प्रामाणिक काम आहे. तिनं मला सांगितलं तेव्हा मी...' इथं ती थांबली.

"वाच," सर म्हणाले.

'...तेव्हा मी गप्प बसलो.'

"सर, हे गेलं तर तुमच्या नावाचं..."

"माझ्या नावाचं मी बघतो. तू वेळ घालवू नकोस."

प्रयोग फसले, नोकरी जायची वेळ आली, तरी ही पोरगी रडली नव्हती. त्या दिवशी टाइप करताना ढसाढसा रडली. पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला.

परवा यादी लागली. सहा जणांना मुलाखतीला बोलावलंय, त्यात मुंगी आहे. सर म्हणाले, "त्या बाटलीबद्दल विचारतीलच. मी येतो बरोबर."

मुंगीनं मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "नको सर. माझं काम आहे, मीच सांगेन."