मर्सी फोर्डला स्टेशन झालं नाही

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिणेच्या यादवीत कझाया टलच्या नवऱ्याला गोळी लागली, तेव्हा त्याला पाठीवर टाकून दीड मैल चालत आणलं ते त्याच्या धाकट्या भावाने, एमोसने. नवरा काही वाचला नाही. पण तेव्हापासून एमोसचा शब्द कझायाला बायबलच्या खालोखाल झाला.

युद्ध संपल्यावर एमोस रेल्वेच्या मोजणीदारांबरोबर कॅन्ससच्या माळावर गेला आणि तिथे त्याने तिला बोलावून घेतलं. म्हणाला, "वहिनी, मर्सी फोर्डला स्टेशन होणार. नदी आहे, जमीन काळी आहे. आपलीच माणसं शेजारी असलेली बरी."

म्हणून कझायाने नवऱ्याच्या पलटणीतल्या माणसांच्या अकरा घरांना ओहायोला पत्रं घातली. अकराच्या अकरा आली. सगळ्यांत आधी आली हॅना बीझली, तीही विधवा, दोन मुली आणि शिवणयंत्र घेऊन. माळावर लाकूड मिळेना, तेव्हा गवताच्या मुळांनी घट्ट झालेली ढेकळं कापून त्यांनी घरं रचली. पावसात छतातून चिखल गळायचा. हॅना तव्यावर छत्री धरून डुकराचं मांस परतायची आणि म्हणायची, "कझाया, तुझ्या या राजवाड्यात एखाद्या राणीलाही जेवायला बोलाव की." लाकूड आणलं ते फक्त चर्चसाठी, चार दिवसांच्या वाटेवरून, बैलगाडीने.

तिसऱ्या वर्षी बर्फ वितळलं आणि माळावर रेल्वेचा मार्ग आखणाऱ्या खुंट्या दिसू लागल्या. कझाया घोडीवर बसून बघायला गेली. पूर्वेकडून सरळ येणाऱ्या खुंट्या गावाच्या सात मैल अलीकडेच दक्षिणेला वळल्या होत्या. ती त्यांच्या कडेकडेने एका तंबूपाशी पोचली. आत टेबलावर नव्या गावाचा नकाशा पसरला होता आणि त्यावर एमोस वाकला होता. नकाशातल्या मधल्या रस्त्याचं नाव होतं टल रस्ता.

"कधीपासून ठाऊक होतं?" तिने विचारलं.

एमोसने टोपी काढली. "पहिल्या हिवाळ्यापासून."

"चर्चवर छप्पर चढवताना तू शिडीवर होतास, एमोस."

"आधी बोललो असतो तर भाव चढले असते, इथली जमीन हाताला लागली नसती. तुझ्यासाठी स्टेशनसमोरचा कोपरा ठेवलाय, वहिनी. खानावळ काढ. तुला काही मी वाऱ्यावर सोडलेलं नाही."

"आणि ती अकरा घरं?"

"त्यांना मी बोलावलं नव्हतं," एमोस नकाशावरची नजर न उचलता म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये उभं राहून तिने सगळ्यांना सगळं सांगितलं. मग हॅना म्हणाली, "आणि तुला यातलं काहीच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"रस्त्याला आडनाव तर तुमचंच आहे."

त्यावर कोणी कझायाची बाजू घेतली नाही.

उन्हाळाभर गाव उठत होतं. लोकांनी दारं-खिडक्या काढल्या, चर्च मधोमध कापून ओंडक्यांवरून ओढत नव्या गावात नेलं. लोहार गेला, डॉक्टर गेला. कझायाने आपली बैलजोडी मागेल त्याला दिली. हॅनानेही नेली. परत आणून खुंट्याला बांधली आणि पाणी न पिता निघून गेली.

दोन हिवाळे कझाया तिथे एकटी राहिली. मग छातीत कफ धरला आणि पीठ आणायला सात मैल जाणं होईना, तेव्हा तीही नव्या गावात गेली. पण स्टेशनसमोरचा कोपरा तिने घेतला नाही. स्टेशनच्या पाण्याच्या टाकीमागे खोली घेऊन ती इंजिनवाल्यांचे कपडे धुऊ लागली. एमोस तोवर नगराध्यक्ष झाला होता. रस्त्यात दिसली की टोपी उचलून "वहिनी" म्हणायचा. ती न थांबता पुढे जायची.

चार वर्षांनी एका दुपारी हॅना चादरींचं गाठोडं घेऊन दारात आली. तिचं शिवणकामाचं दुकान आता बरं चाललं होतं. गाठोडं खाली ठेवून ती म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं, हे मला त्या रविवारीच कळलं होतं. तुझा चेहराच सांगत होता."

कझायाचे हात टबातच थांबले. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कोणावर तरी चिडायचं होतं. एमोसने ऐकून घेतलं नसतं. तू घेतलंस."

एमोसच्या तंबूत नकाशा पाहिला त्या दिवशीही कझायाला इतकं लागलं नव्हतं. तिने हात पुसून गाठोडं सोडलं आणि चादरी मोजून घेतल्या.

"गुरुवारी होतील," ती म्हणाली. "न्यायला एका मुलीला पाठव. तू येऊ नकोस."