पाणी मागून पिणारे साहेब

"पयले पानी दावा."

जीपमधून उतरल्यावर हे त्यांचं पहिलं वाक्य. नमस्कार नंतर, खुर्ची नंतर, सरपंच कोण हेही नंतर. आमच्या जीपमध्ये पाण्याची कॅन असायची, पण तिला ते हात लावत नसत. ज्या घरासमोर जीप थांबेल त्या घरातून ग्लास मागायचा. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, जीभ इकडून तिकडे फिरवायची आणि निकाल द्यायचा. "गोड हाय." "चालते." "च्यात खपून जाईन." सगळ्यात वाईट शेरा होता, "ढोरं बी तोंड फिरवत असतीन."

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. पहिल्या दिवशी वाटतं, काय नाटकी माणूस आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी अमरावतीची. बाळापूरच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून लागले, आणि ते तिथे विस्तार अधिकारी. त्यांनी गावं फिरायची, मी त्यांचे अहवाल टंकायचे. त्यांचं अक्षर इतकं वाईट होतं, की शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "मॅडम, तुमी जीपमंधी बसाच. मी बोलतो, तुमी लिवा. माहं लिवलेलं मलेच वाचता येत नाही."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचंही नाही. माणसं अजून आहेत, उगाच कोणाला अवघडल्यासारखं व्हायला नको.

बाळापूरकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण खारट. भांड्यांवर पांढरा थर बसतो. माणसांच्या मूत्रपिंडांचं काय होतं, ते पाहायचं असेल तर तालुक्याच्या दवाखान्यातली रांग पाहावी. आभाळातून पडेल तेवढंच पाणी गोड, आणि त्या वर्षांत आभाळाचंही तंत्र बिघडलेलं. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडायचा आणि नाल्यानं वाहून जायचा. मग पुढे नुसतं ऊन.

त्या काळात वऱ्हाडचं नाव मुंबईच्या पेपरात यायचं ते एकाच कारणानं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. गावात जीप शिरली की लोक ओट्यावरून उठून आत जायचे. पाहणीला येणाऱ्यांचा सगळ्यांना वीट आला होता. नेमकं तेव्हा जिल्हा परिषदेनं ठरवलं, की पाऊस बदलला आहे तर प्रत्येक गावानं एकत्र बसून आपला आराखडा आपण करावा, आणि जिथे प्यायला गोड पाणी नाही तिथे छपरांवरचं पावसाचं पाणी साठवायला मोठ्या टाक्या बांधाव्यात. विचार चांगला होता. त्याचा फॉर्म मात्र असा होता, की तो भरण्यापेक्षा टाकी बांधणं सोपं.

फॉर्मात एक प्रश्न होता, 'हवामान बदलाशी अनुकूलन करण्याबाबत ग्रामस्थांचे मत'. मी तो एका सभेत मोठ्यानं वाचला. साहेबांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मी सांगतो. पाऊस आता जावयासारखा झाला. कवा येईन भरोसा नाही. येते तं एकदम येते, सारं घर डोक्यावर घेते, अन् दोन दिवसात निघून जाते. आता मले सांगा, त्याले थांबवून कसा घ्याचा?" त्यानंतर दोन तास लोक बोलत होते. माझी वही पुरली नाही.

आपल्याकडे ग्रामसभा कशी होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ग्रामसेवक आदल्या दिवशी रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करतो आणि सभा कागदावर यथासांग पार पडते. साहेब आधी झालेली सही दिसली की त्या पानावर आडवी रेघ मारत. "सही मंग. पयले बोलनं." माणसं जमली नाहीत तर झाडाखाली बसून राहत. कंटाळून निघून जातील म्हणून ग्रामसेवक वाट बघायचा, आणि हा अधिकारी जात का नाही हे बघायला म्हणून गाव जमायचं. ग्रामसेवकांत ते फारसे कोणाला आवडत नव्हते, हे सांगायला नकोच.

एकदा जीपमध्ये मी विचारलं, "साहेब, पाण्याची चव बघायला प्रयोगशाळा आहे. तुम्ही कशाला प्रत्येक घरी मागता? पोट बिघडेल एखाद्या दिवशी."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "माहा बाप याच रस्त्यावर गिट्टी फोडे," ते म्हणाले. "तहान लागली का गावात जाये. ओंजय पुढं कराची, लोकं वरून पानी ओतत. मी संगं राहो. आता मी मांगतो तं गिलासात देतेत, घरात बसवून देतेत. मांगतोच मी, मॅडम. प्रत्येक गावात मांगतो." मग ड्रायव्हरला म्हणाले, "हळू चालव रे बाप्पा, खड्डा हाय." खड्डा नव्हता.

त्यानंतर मी त्यांना नाटकी म्हटलं नाही.

टाक्यांची यादी करायची वेळ आली तेव्हा प्रयोगशाळेचे अहवाल आलेच नाहीत, आणि वरून आठ दिवसांची मुदत. साहेब म्हणाले, "माही जीभ हाय ना." त्यांनी सांगितलं, मी टंकलं. खारट गावं यादीत, गोड गावं बाहेर. नाल्याकाठच्या एका लहान गावापुढे मी टंकलं, 'पिण्याचे पाणी गोड'. साहेबांनी ज्या घरी ग्लास मागितला, तिथे मीही ते पाणी प्यायले होते. खरंच गोड होतं.

महिन्याभरानं यादी वाचून दाखवायला आम्ही त्याच गावात गेलो. आधी महिला सभा, ती माझ्याकडे. साहेब बाहेर निंबाखाली बसले. मी यादी वाचली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बेबीबाई म्हणून एक होत्या, पन्नाशीच्या, आम्ही पाणी प्यायलो होतो ते घर त्यांचंच. त्यांनी विचारलं, "आमच्या गावाचं नाव कावून नाही जी?"

"तुमचं पाणी गोड आहे म्हणून."

बेबीबाई उठल्या, मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात दोन कळशा होत्या. एक मोठी, उघडी. एक लहान, वर ताटली आणि ताटलीवर दगड ठेवलेला.

"हे आमचं," त्यांनी मोठ्या कळशीतून मला दिलं. घोट खाली उतरेना. "अन् हे शेजारच्या गावाहून आनतो. तीन कोस जानं, तीन कोस येनं. यायले डाक्टरनं गोडच पानी सांगतलं हाय म्हनून." आतल्या खोलीत त्यांचे यजमान खाटेवर पडले होते, पाय सुजलेले. "त्यातलंच साहेबाले देल्लं."

"पण त्यांनी गावचं पाणी मागितलं होतं, बेबीबाई!"

"अवो, घरी आलेल्या मानसाले खारं पानी द्याव काय? आजवर कोन्या साहेबानं आमच्या घरचं मांगून पेलं? हे पयलेच."

आता तुम्हीच सांगा, यात कोणाला दोष द्यायचा. पाहुण्याला घरातलं चांगलं तेच द्यायचं, ही तर आपली रीत. खरी गोष्ट अशी, की पहिल्या वेळी पाणी आणायला बेबीबाई आत गेल्या तेव्हा मी दारात उभी होते. ती ताटली, तो दगड, मी पाहिला होता. बाईमाणूस असून मला त्याचा अर्थ कळू नये, याचा मला आजही राग येतो.

मी निंबाखाली जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते उठले, बेबीबाईंच्या घरी गेले, मोठ्या कळशीतलं पाणी मागितलं आणि ग्लासभर प्यायले. शेरा दिला नाही. खाटेवरच्या माणसाजवळ बसून त्याच्या पायावरून हात फिरवला. "तुमच्या वाट्याचं पेलो मी," एवढंच म्हणाले.

यादी मंजूर झाली होती. गटविकास अधिकारी तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी वाट काढून दिली. "ग्रामस्थांनी दिशाभूल केली, असं लिहून द्या. फेरतपासणी लावतो, गाव पुरवणी यादीत घेतो. तुमच्यावर काही येणार नाही." साहेबांची पदोन्नती तोंडावर होती, हे सगळ्या कचेरीला माहीत होतं.

साहेब म्हणाले, "दिशाभूल नाही जी. त्याईनं पावनचार केला."

"शब्दानं काय फरक पडतो?"

"त्याईले पडते. कागदावर खोटारडे होतीन ते. उद्या अजून कायची यादी निंगाली तं हाच कागद काढतीन."

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोरा कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. एकेक अक्षर वेगळं काढून, शाळेतल्या मुलासारखं. 'पाण्याचा नमुना मी विहिरीवरून घेतला नाही. घरातून घेतला. अहवाल चुकीचा आहे. चूक माझी आहे. गावाची नाही.' खाली सही. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी ते गावासमोर वाचूनही दाखवलं. बेबीबाई भर सभेत चिडल्या, "तुमी कावून आपल्या आंगावर घेता जी? आमीच सांगाले पायजे होतं." साहेब म्हणाले, "मीच पुसाले पायजे होतं, का हे पानी कोनतं."

गाव पुरवणी यादीत आलं. साहेब पदोन्नतीच्या यादीतून गेले आणि पावसाळ्याआधी त्यांची बदली धारणीला झाली. निरोप समारंभात सगळ्यांनी चांगली भाषणं केली. ते गेले की मला हायसं वाटेल असं मी समजले होते, कारण रोज उन्हातान्हात फिरणं थांबणार होतं. तसं वाटलं नाही. जीप होती, ड्रायव्हर होता, पण गावात उतरल्यावर पहिलं काय बोलायचं, तेच मला सुचेना.

टाक्या व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर बेबीबाईंचे यजमान राहिले नव्हते. उशीर झाला तो झालाच, तो कोणाच्या कागदानं भरून निघत नाही. पण दुसऱ्या वर्षी त्या गावातल्या बायकांचं तीन कोसांचं जाणं थांबलं. मी धारणीला फोन करून सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "बरं झालं. झाकनं नीट बसवली काय?"

त्यानंतर वर्षभरानं कचेरीत फोन आला. मेळघाटातल्या एका गावची सभा उरकून परतताना त्यांच्या छातीत कळ आली. जीपनं दवाखाना गाठण्यासारखा तो रस्ताच नव्हता.

योगायोगानं दोन दिवसांनी मला त्या नाल्याकाठच्या गावात सभा होती, टाक्यांच्या देखभालीची. मी बातमी सांगितली. पुरुष उठून उभे राहिले. सभा आधीच भरली होती, सह्या व्हायच्या होत्या. बेबीबाई म्हणाल्या, "दुखवट्याचा ठराव घ्या."

नवा ग्रामसेवक मला हळूच म्हणाला, "मॅडम, असा ठराव गावातल्या मयतासाठी असतो." तरी त्यानं पेन उघडलं. पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "राहणार कुठले लिहू? बाळापूर का धारणी?"

मी उत्तर देणार होते. त्याआधी बेबीबाईच बोलल्या.

"राहनार इथले लिवा."

ग्रामसेवकानं सभेकडे पाहिलं. कोणी हरकत घेतली नाही. म्हाताऱ्यांपैकी एकानं नुसती मान हलवली. ग्रामसेवकानं लिहिलं.

कचेरीत येऊन मी ते इतिवृत्त टंकायला घेतलं. साहेबांचं नाव, पुढे 'रा.', आणि त्यापुढे त्या गावाचं नाव. नियमात ते बसत नव्हतं. टंकताना मला रडू आलं, आणि शेजारच्या टेबलांवरचे सगळे बघत असूनही मी ते थांबवलं नाही.