करीमानबाईंचं बाथरूम आणि उस्ता अब्देल-मौजूद

इजिप्तमधल्या मन्सूऱ्यात आमच्या गल्लीत उस्ता, म्हणजे मिस्त्री, अब्देल-मौजूदला ओळखत नाही असं घर नाही, आणि ज्या घरात तो कामाला शिरला त्या घराने त्याला शिव्या घातल्या नाहीत असंही झालेलं नाही. बापाने मोठ्या श्रद्धेने नाव ठेवलं असणार. पोरगा मात्र जन्मभर कुठेच मौजूद नव्हता. जिथे हवा तिथे तर मुळीच नाही.

अंगाने रुंद, मिशीला कलप, शर्टाला कडक इस्त्री, पट्ट्याला मोजायची टेप. ती टेप मी कधी उघडलेली पाहिली नाही. फरशी बसवणाऱ्या माणसांचे हात सिमेंटने भेगाळलेले असतात. ह्याचे हात माझ्यापेक्षा मऊ होते, आणि मी चष्मे विकतो.

कोणाच्याही घरात गेला की तो आधी बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायचा, कान लावायचा, आणि डॉक्टरने वाईट बातमी द्यावी तसं तोंड करायचा. “कुठल्या गाढवाने केलंय हे काम?”

आमच्या स्वयंपाकघरात येऊनही त्याने हेच विचारलं. माझी बायको दौलत म्हणाली, “तूच केलंस, उस्ता. गेल्याच्या गेल्या रमजानात, आणि अर्धवट सोडून गेलास.”

दुसरा कोणी असता तर लाजेने जमिनीत गेला असता. हा शांतपणे म्हणाला, “मग सिमेंटच भेसळीचं असणार, वहिनी. हल्ली लोकांना देवाची भीती राहिली नाही.”

अशा माणसाच्या तावडीत करीमानबाई सापडल्या. बाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठ्या झालेल्या. त्यांच्या बाथरूममधला नळ गळायचा, पाणी आमच्या छतातून ठिबकायचं, आणि शेवटी बाईंनी ठरवलं की आता सगळं बाथरूमच नवं करायचं. निळ्या टाइल्स, नवा कमोड, नवे नळ. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी काही करत होत्या. टाइल्स निवडायला दौलतला घेऊन चार दुकानं फिरल्या आणि पहिल्या दुकानात पाहिलेल्याच घेऊन आल्या.

उस्ताला ह्या कामाचा वास, तो दिवसभर पडीक असायचा त्या चहाच्या दुकानातच लागला असावा. टाइल्स जिना चढल्या आणि त्यांच्या पाठोपाठ तोही चढला.

“बाई, त्याला नका देऊ,” मी हात जोडून सांगितलं.

“रऊफभाऊ, माणसाशी सरळ बोललं की माणूस सरळ वागतो. मी असले उनाड वर्गच्या वर्ग गप्प बसवलेत.”

“तुमच्या पोरी वर्गात यायच्या तरी. हा येतच नाही.”

पण पहिल्या दिवशी तो आला. फोडायच्या दिवशी तो नेहमी येतो. ह्या एका कामात त्याचा हात धरणारा माणूस साऱ्या नाईल डेल्टात सापडायचा नाही. दुपारच्या अजानपर्यंत त्याने जुन्या फरश्या उखडल्या, नळ उपटले, भिंत विटांपर्यंत सोलली, आणि जुना कमोड उचलून रस्त्याकडच्या गॅलरीत नेऊन ठेवला. मग बाईंनी केलेली मुलुखियाची पालेभाजी आणि भात पोटभर खाल्ला, तीन चमचे साखरेचा चहा प्याला, आणि सिमेंट आणायला म्हणून जो उतरला तो उतरलाच.

फोडण्यामागे त्याचा हिशेब होता. धड बाथरूम असलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे जाऊ शकतं. फोडलेलं बाथरूम घेऊन कुठे जाणार? दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या कामाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. म्हणून हा शहरभर बाथरूमं फोडत हिंडायचा, जशी कुत्री जागोजागी खांब ओले करून आपला मुलूख आखतात.

बाईंची दशा बघवेना. सकाळी टॉवेल वर्तमानपत्रात गुंडाळून, जणू कोणाला दिसणारच नाही अशा बेताने, त्या आमच्याकडे आंघोळीला उतरायच्या. जिन्यात कोणी भेटलं तर “दौलतला एक निरोप द्यायचाय” म्हणायच्या. रोज निरोप, आणि तोही केस ओले करून परत जाण्यासारखा. इकडे गॅलरीत तो कमोड रस्त्याकडे तोंड करून बसलेला. बाई कपडे वाळत घालायला आल्या की खालून जुन्या विद्यार्थिनी आपल्या पोरांना घेऊन जाताना मान वर करून सलाम करायच्या, आणि सलाम नेमका कोणाला ते पोरं विचारायची.

फोन केला की उस्ता लगेच उचलायचा. ही त्याची खासियत. पळपुटी माणसं फोन उचलत नाहीत, हा उचलून खोटं बोलायचा.

“बाई, तुमच्या जिन्यातच आहे! वर येतोय!”

एकदा बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. “उस्ता, मीही जिन्यातच आहे. तू दिसत नाहीस रे. पाचर बसल्यासारखा कुठे अडकलास?”

पलीकडे फासे पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, “खेळ ना लवकर, अब्देल-मौजूद!”

“रऊफभाऊ, लाइन खराब आहे,” उस्ता म्हणाला.

कधी त्याचा पाय मुरगळला, कधी मेहुणीचं बाळंतपण, कधी सिमेंटची गाडी उलटली. बाई रागाने थरथरायच्या, पण तोंडातून शब्द निघायचा तो “असं बरं नाही, बाळ” एवढाच. आणि मग एके सकाळी त्याने स्वतःहून फोन केला आणि ढसाढसा रडला. त्याची आई गेली होती. झोपेतच. हृदय.

बाईंचा राग क्षणात विरघळला. उलट स्वतःवरच चिडल्या. “मी त्या पोराला कालच बोलले हो! आणि त्याची आई तिकडे शेवटच्या घटका मोजत होती. रऊफभाऊ, आपण भेटायला जायला हवं.”

“बाई, आधी खरं आहे का बघू या.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. “आईबद्दल कोण खोटं बोलतं?”

उस्ता स्वतः सासुरवाडीत राहायचा. आईचं घर नदीपलीकडे, तल्ख्यात. काळे कपडे घालून, साखरेची पिशवी घेऊन, आम्ही तिघं मायक्रोबसने पूल ओलांडून गेलो. विचारत विचारत गल्ली सापडली. मांडव नव्हता, कुराणाचा आवाज नव्हता, खुर्च्या नव्हत्या. दाराच्या पायरीवर एक ठेंगणी म्हातारी मांडीवर परात घेऊन मुलुखियाची पानं खुडत बसली होती.

“हे उस्ता अब्देल-मौजूदचं घर ना?” मी विचारलं.

“त्याचं कसलं आलंय घर? माझं आहे. काय फोडलंन तुमचं?”

करीमानबाईंचे डोळे आधीच भरलेले. “तसं नाही हो ताई, आम्ही सांत्वनाला आलोय. शेवटी राहणारा एक देवच. त्याची आई गेली ना.”

म्हातारीने हातातली काडी परातीत ठेवली. “कुठे गेली?”

“देवाघरी.”

“कधी?”

“परवा रात्री. झोपेत.”

“झोपेत.” म्हातारी जरा विचारात पडली. “चला, निदान मला त्रास तरी नाही झाला.”

बाई मटकन पायरीवरच बसल्या. दौलतला हसू आवरेना, तिने ओढणी तोंडात कोंबली.

ही उस्ताची आई, हज करून आलेली हज्जा रतीबा. “मी कशाने मेले म्हणतो तो?” तिने विचारलं. हृदयाने, असं सांगितल्यावर फार चिडली. “हृदय? माझं हृदय बैलासारखं आहे! मला साखर आहे, साखर! पोटच्या पोराला आईचा आजारसुद्धा धड माहीत नाही.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक जाडगेले गृहस्थ घामाघूम होऊन, काळा टाय सारखा करत येताना दिसले. त्यांचं स्वयंपाकघर उस्ताने ईदपूर्वी फोडून ठेवलं होतं. हज्जाने दुरूनच हाक मारली, “या, या! मयत इथेच आहे. बसा.”

मग आत जाऊन तिने खरोखर बिनसाखरेची काळी कॉफी केली, जशी मयताच्या घरी देतात तशी. “आलाच आहात तर रीत का मोडायची?” म्हणाली. स्वतःच्या मयताची कॉफी तिने आमच्याबरोबर घोट घोट प्यायली, एकेकाकडून पोराचे पराक्रम ऐकून घेतले, आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडावरचं हसू मात्र हळूहळू गेलं. कप खाली ठेवून ती उठली, औषधांचा डबा आणि एक गलाबिया झगा पिशवीत कोंबला आणि बाईंना म्हणाली, “चल, मुली. बाथरूम होईपर्यंत मी तुझ्याकडेच राहणार.”

बाईंच्या घरी पोचताच तिने बाईंच्याच फोनवरून त्याला फोन लावला.

“हॅलो, बाई? मी जिन्यातच—”

“मी तुझी मेलेली आई बोलतेय. हृदयाने गेलेली. अर्ध्या तासात इथे ये, नाहीतर मी पुन्हा मरेन, आणि ह्या खेपेला तुला बरोबर नेईन.”

आला. तोंड चुकवत, मिशी चाचपत. आईच्या हातावर ओठ टेकायला वाकला तर तिने हात काढून घेतला. “आई, तुझंच आयुष्य वाढावं म्हणून बोललो. खोटं मरण बोललं की खरं लांबतं म्हणतात.” त्यावर तिने पायातली चप्पल काढली, आणि उस्ता बाथरूममध्ये पळाला.

मग तो कामाला रोज येऊ लागला. हज्जा दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि तो आत फरश्या बसवायचा. आणि तेव्हा आम्हा सगळ्यांना एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण इतकी वर्षं त्याने एकही काम आमच्यादेखत संपवलंच नव्हतं. त्याला काम येतच नव्हतं. पळून जाणं हा आळस नव्हता, ती अब्रू झाकायची युक्ती होती.

टाइल्स लागल्या त्या दारुड्याच्या दातांसारख्या, एक आत, एक बाहेर. “पाणसळ लावून पातळी बघ की रे,” आई म्हणाली. “माझा डोळाच पाणसळ आहे, आई.” जमीन पूर्ण झाल्यावर हज्जाने बादलीभर पाणी ओतलं. पाणी जायची जाळी एका कोपऱ्यात कोरडी ठणठणीत बसून राहिली. पाणी निवांतपणे दाराकडे आलं, उंबरा ओलांडून हज्जाच्या पायांवरून बैठकीच्या गालिच्यात गेलं, आणि थोड्या वेळाने आमच्या छतातून खाली.

“पाणी आहे, आई,” उस्ता म्हणाला. “देवाने त्याला वाट दाखवावी तिकडे ते जाणार.”

करीमानबाईंनी भिजलेला गालिचा पाहिला. त्या नळ गळतानाही ओरडल्या नव्हत्या आणि आंघोळीला खाली उतरतानाही. आताही ओरडल्या नाहीत. छडीसारखं बोट दाराकडे करून म्हणाल्या, “अब्देल-मौजूद, बाहेर हो. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीलासुद्धा ठाऊक होतं की पाणी उताराकडे वाहतं. नापास व्हायलासुद्धा आधी पेपर द्यावा लागतो, तू तोही कोणाला दिला नाहीस.”

तो हसला. अजूनही त्याला वाटत होतं की आई मध्ये पडेल. आई मध्ये पडली नाही. ती पायांतलं पाणी झटकत उठली, कठडा धरून तीन मजले उतरली आणि सरळ त्याच्या चहाच्या दुकानात गेली, जिथे म्हातारी बाई कधी पाऊल टाकत नाही. हुक्क्यांचा गुडगुडाट थांबला. ती त्याच्या नेहमीच्या खुर्चीजवळ उभी राहून म्हणाली, “ह्याचा बाप मेहनतीचा माणूस होता. हा माझ्या पोटचा आहे, म्हणून मीच सांगते, ह्याला कोणी घरात घेऊ नका. मी जिवंत आहे तोवर तर नकाच, आणि मी मेल्यावर हा काय सांगत येईल त्यावरही विश्वास ठेवू नका.”

कोणी हसलं नाही. मी तिला हात देऊन वर आणलं. बाईंनी दार उघडलं आणि तिला आत घेतलं.

पुढचं काम बाहेरगावच्या, सम्मनूदच्या एका फरशीवाल्याने केलं. त्याने आठवड्याच्या आत सगळं उखडलं, उतार काढला, निळ्या टाइल्स ओळीत बसवल्या आणि निघून गेला. तो बोलत नसे, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हज्जा तोवर बाईंकडेच राहिली, आणि पहिली आंघोळ बाईंनी तिलाच करायला लावली. अजूनही ती अधूनमधून पूल ओलांडून येते. दोघी गॅलरीत बसून सूर्यफुलाच्या बिया खातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढतात.

उस्ताला आमच्या भागात काम मिळेनासं झालं, तसा तो कैरोला गेला. लोक म्हणतात म्हणून सांगतो, त्याचं तिकडे फार बरं चाललंय. वाळवंटात नव्या इमारती उठताहेत तिथे तो आता उस्ता राहिला नाही, ठेकेदार झालाय. हाताखाली माणसं आहेत, खिशात स्वतःच्या नावाची कार्डं आहेत. मध्यंतरी त्याने बाईंना फोन केला.

“बाई, बाथरूम झकास झालं म्हणे. एक फोटो पाठवा ना. गिऱ्हाइकांना दाखवायला. शेवटी सुरुवात तर मीच केली होती.”

बाईंनी फोन ठेवून दिला आणि हा किस्सा सांगायला आमच्याकडे खाली आल्या. हसून हसून त्यांना ठसका लागला. मला काही हसू आलं नाही. असल्या माणसाला लाज वाटेल, तो सुधारेल, निदान उपाशी तरी राहील, अशी माझी फार इच्छा होती. तसं काही झालं नाही. तिकडे लोक त्याला दार उघडतात, चहा देतात, तो भिंतीवर टकटक करून तोंड वाईट करतो, आणि लोक मान हलवतात. ती माणसं सध्या कोणाकडे आंघोळीला जातात, देव जाणे.