नववीतली ठराववाली

वर्गात काही बोलायचं असलं की बाकीची पोरं हात वर करतात. ही उभीच राहायची. आणि उभी राहून म्हणायची, "सर, माझा एक ठराव आहे." खिडकी उघडा, खडू बदला, गृहपाठ उद्यावर ढकला, काहीही असो, तिच्या तोंडून ते ठराव म्हणूनच बाहेर पडायचं. पहिल्यांदा मला हसू आलं, दहाव्यांदा वैताग आला, आणि पुढे पुढे पहिल्या तासाला तिने काहीच मांडलं नाही तर मीच विचारायला लागलो, "काय गो, आज सभा तहकूब?" धसईच्या पुढे असलेल्या आमच्या त्या शाळेत तिला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. पोरं, शिपाई, मुख्याध्यापक, सगळे तिला ठराववालीच म्हणायचे.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ग्रामसभेतून. तिचे वडील एकदा पंचायतीचे सदस्य होते आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर सभेला जाऊन बसायची. माणसं कशावरून भांडतात ते तिला कळत नसणार, पण शेवटी ग्रामसेवक वहीत लिहितो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर, हे तिला भारी आवडलं. जगात जे काही चांगलं होतं ते असं लिहिल्यामुळेच होतं, अशी तिची पक्की समजूत झाली. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या ओट्यावर ती नववीची सभा भरवायची. सूचक नेहमी ही असायची आणि अनुमोदक नेहमी बुधी.

बुधी तिच्या बाकावरची. ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. त्या वाडीतून नववीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी. बोलायची कमी. ठराव वाचून झाला की ठराववाली तिच्याकडे बघायची, बुधी हात वर करायची, आणि तिचं बघून बाकीचे करायचे. मी एकदा म्हटलं, "बुधी, अगं आधी ऐकून तरी घे." ती म्हणाली, "ती मांडते ते बरंच असतं, सर."

तिचे सगळेच ठराव वाया गेले असं नाही. वर्ग मुलींनी झाडायचा आणि घंटा मुलग्यांनी वाजवायची, ही आमच्याकडची फार जुनी वहिवाट. तिने ती मोडली. मुलगे झाडायला लागल्यावर पहिला आठवडा सगळी शाळा खोकत होती. आणि बुधीची घंटेची पाळी आली तेव्हा तिने लोखंडी रुळाचा तो टांगलेला तुकडा इतका वेळ आणि इतका मनापासून बडवला की पलीकडच्या शेतातली माणसं जेवायला घरी निघाली. मागच्या बाकावरच्यांनी दर सोमवारी पुढे यायचं, हाही तिचाच ठराव. तो अजून चालतो.

बक्षीस समारंभाच्या वेळी मात्र प्रकरण अंगाशी आलं. पाहुणे मांडवात आणि पोरं उन्हात, हे बरोबर नाही, निम्म्या वेळाने अदलाबदल व्हावी, असा ठराव तिने थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमच्या पुढारीणबाईंना जरा आवरा." मी तिला व्हरांड्यात घेऊन म्हटलं, "अगं, हे अवघड आहे." तेव्हा ती जे म्हणाली ते तिचं नेहमीचंच होतं, "सर, चूक असेल तर चूक आहे म्हणा, मी खोडते. पण अवघड आहे असं नका म्हणू." चूक आहे असं मला म्हणता येईना, म्हणून मी घड्याळाकडे बघून तासाला निघून गेलो.

माझंही सांगायला हवं. मुरबाडहून एसटीने यायचं, सहा तास शिकवायचं, एसटीने परत जायचं, असं तेव्हा चोवीस वर्षं चाललं होतं. 'माझ्या स्वप्नातील गाव' या निबंधाचे मी किती गठ्ठे तपासले असतील, देव जाणे. पंधरा वर्षांचं प्रत्येक पोर त्यात भेदभाव नसलेलं गाव वसवतं. मी त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारतो आणि वीसपैकी तेरा देतो. पुढे त्यातली निम्मी पोरं कारखान्यात जातात, काही शेतावर बसतात, आणि गाव होतं तसं राहतं. या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. ठराववालीचा मात्र येत नव्हता, हेच मला अधूनमधून खुपायचं.

दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायला लागते. वाशिंदच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवरून टेम्पो येतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन घरंच्या घरं त्यात चढतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तेवढे महिने आम्ही हजेरीत त्यांच्यापुढे गैरहजर लिहितो. बुधी आजवर टिकली होती ती आजीपाशी राहून. त्या पावसाळ्यात आजी वारली. म्हणजे आता बुधीही जाणार, नववीची परीक्षा बुडणार, आणि एकदा बुडालेली पोरगी शाळेत परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा ठराववालीने तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ठराव मांडला. वाडीतल्या शाळेत येणाऱ्या सात मुलांना वर्गातल्या सात जणांच्या घरांनी पाऊस लागेपर्यंत आपल्या घरी ठेवून घ्यावं. ती आणि तिच्या मैत्रिणी आठवडाभर दारोदार फिरल्या. मला वाटलं होतं, एकही घर दाद देणार नाही. सातही घरं तयार झाली. "सर, लोक इतके चांगले आहेत, आपण उगाच नावं ठेवतो," ती मला म्हणाली. "विचारल्याबरोबर हो म्हणाले."

विचारल्याबरोबर हो म्हणाले, हे ऐकून मला आमचंच घर आठवलं. शहापूरकडे माझं गाव आहे. आमच्या घरी माझ्या आईने अशीच एक पोरगी शिकायला म्हणून ठेवून घेतली होती. शाळेत तिचं नावही घातलं होतं. पण तिचा सारा दिवस आमच्या गोठ्यात गेला, आणि तिच्या वयाचा मी पुस्तक घेऊन ओटीवर बसलेलो असे. आईबापांपासून तुटलेलं गरिबाचं पोर शेतकऱ्याच्या घरात राहिलं की त्याचं काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ठराववाली माझ्यासमोर उभी होती. "सर, काही चूक असेल तर आत्ताच सांगा," असंही ती म्हणाली. तिचा चेहरा इतका फुललेला होता की मी म्हटलं, "छान आहे."

पहिले पंधरा दिवस खरंच छान गेले. बुधी अर्थातच ठराववालीच्याच घरी. दोघी एकाच तेलाच्या, एकाच रिबिनीच्या वेण्या घालून येत. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सातही घरांचं कौतुक केलं. मग थंडी पडली आणि भेंडीचा तोडा सुरू झाला. आमच्या भागात भेंडी उजाडायच्या आत तोडायला घेतात, म्हणजे सकाळच्या गाडीला माल जातो. भेंडीची लव बोटांना लागली की दिवसभर खाज सुटते. मला वर्गात दिसायला लागलं, बुधी एक ओळ लिहिते आणि बोटं बाकाच्या कडेला घासते. दुसऱ्या तासाला तिची मान खाली जायची. बाकीच्या सहांचंही थोड्याफार फरकाने तेच. एकाकडे गोठा, एकाकडे धुणं, एकाकडे घरातलं तान्हं पोर.

ठराववालीची आई वाईट बाई नव्हती. ती स्वतःही त्याच वेळी उठून भेंडी तोडायची. आपल्या लेकीला मात्र झोपू द्यायची, कारण लेक अभ्यास करून दमते. दोघींचा अभ्यास एकाच बल्बखाली झालेला असे, हे त्या माउलीच्या ध्यानात येत नव्हतं. आणि ठराववाली उठायची तोवर बुधी हातपाय धुऊन, वेणी घालून पडवीत बसलेली असायची, म्हणून तिलाही पत्ता नव्हता. शेजारी बसणाऱ्या बुधीची खाजणारी बोटं तिला शेवटी दिसली. तिने खोदून खोदून विचारलं, आणि दुसऱ्याच दिवशी ओट्यावर सभा बोलावली.

मी जवळच चहाचा कप घेऊन उभा होतो. 'ठेवून घेतलेल्या मुलांना कामाला लावू नये,' तिने वाचलं आणि सवयीने बुधीकडे पाहिलं. बुधीचा हात मांडीवरच राहिला. बाकीच्यांनीही मग हात वर केला नाही. ठराववाली म्हणाली, "अगं बुधे, तुझ्यासाठीच तर आहे."

बुधी खाली बघत म्हणाली, "लिवून काय व्हनार? तुजी आय मला उठवते तवा तू निजलेली असतेस. तुला कशी उठवू मी?" मग म्हणाली, "कामाचं मला काय नाय गो. भट्टीवर पन काम हायच. पन तितं आय म्हनते, दमलीस, बस जरा. तुमच्याकडं तसं कोन म्हनत नाय."

त्या रविवारी बुधीचा बाप येऊन तिला घेऊन गेला. जानेवारी संपेपर्यंत सातही पोरं आपापल्या आईबापांकडे भट्टीवर गेली. परीक्षेला बुधीचा बाक रिकामा राहिला.

निकालाच्या दिवशी मी एसटीची वाट बघत थांब्यावर उभा होतो. ठराववाली आली आणि सरळ म्हणाली, "सर, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं ना?" खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. मी हो म्हणालो. "मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "तू एवढी आनंदात होतीस. तुझा हिरमोड झाला असता."

"माझाच झाला असता ना?" ती म्हणाली. "चार दिवस रडले असते. सर, तिचं वर्ष गेलं." माझी गाडी आली, मी चढलो नाही. ठराववाली मात्र निघून गेली.

दहावीत तिने एकही ठराव मांडला नाही. दिवाळीच्या महिनाभर आधीपासून शाळा सुटली की वाडीवर जाऊन बसायची. काही सुचवायची नाही, बायकांना विचारायची, तुम्हाला काय करावंसं वाटतं? आठ-पंधरा दिवस कोणी उत्तरच दिलं नाही. मग बायकांनीच आपसात ठरवलं, दोघी म्हाताऱ्या वाडीतच थांबतील आणि धाकटी पोरं त्यांच्यापाशी राहतील. ठराववालीच्या आईने भाताची झोडणी झाल्यावर त्यांच्यासाठी तांदूळ पाठवला, न मागता पाठवला, हेही नोंदवायला हवं. एवढं करून राहिली तीन पोरं. त्यात बुधीची धाकटी बहीण शेवंती होती. बुधी पुन्हा शाळेत आलीच नव्हती. ती आता मोठी झाली, भट्टीवर तिचे हात लागतात, असं तिचा बाप म्हणाला.

"तीनच राहिली," मी म्हटलं. ती म्हणाली, "हो सर, तीनच. पण आपल्याच वाडीत झोपतात."

दहावीनंतर मुरबाडला अकरावीत जायचं म्हणून ती दाखला न्यायला आली. बाकीची पोरं पाया पडून गेली. ती पडली नाही, आणि मलाही ते बरोबरच वाटलं. दारातून वळून म्हणाली, "सर, पुढच्या पोरांना तुम्हाला माहीत असेल ते आधी सांगत जा. रागावतील. रागावू देत." तेव्हापासून मी सांगतो. पोरं खरंच रागावतात, दोन दिवस तोंड फिरवून बसतात.

यंदाच्या नववीलाही वाडीसाठी काही करायचं आहे. मी म्हटलं, आधी विचारायला चला, मीही येतो. इतकी वर्षं त्या वाडीवरून गेलो, पण कोणाच्या दारात बसलो तो गेल्या महिन्यात पहिल्यांदा. दिवाळी व्हायची होती, त्यामुळे माणसं घरी होती. बुधीही होती, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. तिने पोरांना सतरंजी टाकून बसवलं आणि मला कोरा चहा दिला. शेवंती आता दहावीत आहे म्हणाली. मग हळूच विचारलं, "ती कशी हाय, सर?" मी सांगितलं, कल्याणला नर्सिंग शिकते, कधी कधी एसटी स्टँडवर भेटते.

"तिला सांगाल?" बुधी म्हणाली. "म्हनावं, त्या दिवशी हात वर नाय केला मी, मनात धरू नको. लई वाईट वाटतं मला अजून."

स्टँडवर भेटते तेव्हा ठराववाली बुधीबद्दल दर वेळी हेच म्हणते. माझं चुकलं, सर, ती भेटली तर सांगा. मी तिचा निरोप आजवर कधी पोचवला नव्हता. दोन पोरी सहा वर्षं एकमेकींची माफी मागताहेत, आणि त्या दिवशी ज्याने तोंड उघडायला हवं होतं त्याच्याकडे दोघीही निरोप देताहेत. मी बुधीला म्हटलं, "तीही हेच म्हणते. पण चूक तुझी नव्हती गो. तिचीही नव्हती. माझी होती." तिने मला विचारलं, चहा गोड झालाय का.