जाताना उजवा गाल, येताना डावा

गावाला आजवर तीन रेल्वेलाइनी मिळाल्या आणि आप्पांच्या घराण्याची खुर्ची कुठं ठेवायची, हे त्या तिघींनीच ठरवलं. पहिली लाइन छोटी, नदीच्या धक्क्याशी येऊन संपायची. आप्पांच्या आजोबांनी धक्क्यावरच्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि उतरणाऱ्यांच्या दाढ्या करायला लागले. एका पुरात रूळ वाहून गेले, खुर्ची तेवढी वाचली. दुसरी लाइन बाजारामागून आली, तेव्हा आप्पांच्या वडिलांनी तीच खुर्ची डोक्यावर घेऊन नव्या स्टेशनासमोर दुकान थाटलं.

वाफेचं इंजिन इथं पाणी भरायचं. त्याला वीस मिनिटं लागत आणि आप्पांनाही एका दाढीला बरोबर वीस मिनिटं लागत. गिऱ्हाईक चुळबूळ करू लागलं की आप्पा म्हणत, "गप बसा हो. इंजिनाची तहान भागेपर्यंत तुम्ही कुठं जाताय?"

पुढं डिझेल आलं. त्याला पाणी नको, गाडी दहा मिनिटांत निघू लागली. आप्पा मात्र हात भराभर चालवायला तयार नाहीत. मग सकाळच्या पॅसेंजरच्या ड्रायव्हरनं तोडगा काढला. असिस्टंटला इंजिनात बसवून तो दुकानात यायचा, जाताना उजवा गाल करून घ्यायचा आणि संध्याकाळी परतताना डावा. सोळा वर्षं हा माणूस दिवसभर अर्ध्या दाढीनं गाडी चालवत होता. साहेब तपासणीला आले की त्यांना तो उजवीकडून भेटायचा.

मग वरच्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून तिसरी लाइन आखली. सरळसोट, पण नदीच्या पलीकडून. जुनं स्टेशन बंद होणार म्हटल्यावर आप्पांनीही ठरवलं, आता पुरे. शेवटच्या दिवशी सकाळची गाडी जुन्या लाइनीनं जाणार होती आणि संध्याकाळी नव्या लाइनीनं परतणार होती. त्या सकाळी ड्रायव्हरची अख्खी दाढी एका बैठकीत करायची आणि वस्तरा कायमचा ठेवून द्यायचा, असा बेत. निरोप म्हणून गाडी अर्धा तास थांबणार होती.

पण माणूस योजतो एक आणि नगराध्यक्ष बोलतात वीस मिनिटं! ड्रायव्हरला समोर उभं राहून ऐकावंच लागलं. तो धावत दुकानात आला, उजवा गाल झाला, डाव्याला साबण लागला आणि गार्डची शिट्टी झाली. साबणासकट ड्रायव्हर इंजिनात चढला.

आप्पा वस्तरा हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या वडिलांचा एकच दंडक होता : अर्ध्या दाढीवर दुकान बंद करायचं नाही. इथं तर जन्माचं दुकान अर्ध्या दाढीवर बंद झालं होतं. आप्पांना अगदी रडू आलं. दुपारी ते जेवलेही नाहीत.

"अहो, त्या आरशाकडं बघून डावा गाल उगवणार आहे का?" आप्पांची बायको, म्हणजे अख्ख्या गावाच्या काकू, म्हणाल्या. "पाच वाजता गाडी पलीकडं येते. चला पुलावरून."

"एक मिनिट थांबते ती. एका मिनिटात साबणसुद्धा लागत नाही."

"मग बसायचं गाडीत."

तीन पिढ्या रेल्वेवर जगल्या, पण गाडीत कुणी पाय ठेवला नव्हता. गाडी यायची तेव्हाच तर दुकानात गर्दी असायची! काकूंनी कमरेची दोन तिकिटं काढली. "सकाळीच काढून ठेवलीत. माझी बहीण चाळीस वर्षं बोलावतेय. म्हटलं, आज दुकान मिटल्यावर तरी मला न्याल."

आप्पांना मान वर करवेना. त्यांनी वस्तरा पिशवीत टाकला.

नव्या स्टेशनावर इंजिनातून अर्धं खरखरीत तोंड बाहेर आलं. "आप्पा, तू?"

"पुढं बघून चालव, लेका. मी मागं बसतो."

काकूंनी खिडकी पकडली ती शेवटच्या स्टेशनापर्यंत सोडली नाही. तिथल्या ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, एका स्टुलावर, आप्पांनी डावा गाल पुरा केला, वस्तरा पुसला आणि ते म्हणाले, "सुटलो." रात्री मेहुणीकडं दोघं गाढ झोपली.

सकाळी परतीच्या गाडीसाठी ती दोघं स्टेशनात आली, तर ड्रायव्हर विश्रांतीच्या खोलीतल्या स्टुलावर आधीच येऊन बसलेला. मागं दोन गार्ड आणि एक तिकीट तपासनीस, सगळे गाल खाजवत. आप्पांनी वस्तरा काढला. उजवा गाल झाला तसा ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"बस रे," आप्पा म्हणाले, "गाडीला अजून तास आहे. दोन्ही करून टाकतो."

ड्रायव्हर बसला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, "दोन्ही आत्ताच केलेस, तर संध्याकाळी तुझ्याकडं कशाला यायचं?"

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग काकूंकडं पाहिलं.

"जा तू," ते म्हणाले. "डावा संध्याकाळी."

अर्ध्या दाढीवर दुकान बंद करता येत नाही, हे काकूंना आता कुणी सांगायला नको होतं. त्यांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"मग घरून खुर्ची तेवढी मागवून घ्या," त्या म्हणाल्या, "स्टुलावर माणसाची पाठ दुखते."